जायबंदी खेळाडू आणि संघाचा मोसम

30 मार्च 2025 रोजी गुवाहाटीच्या सामन्यात राजस्थानच्या तुषार देशपांडेचा एक चेंडू चेन्नईचा कर्णधार ऋतुराज गायकवाड याच्या कोपराजवळ बसला. पुढचे दोन सामने गायकवाड खेळला. 10 एप्रिलला कोपराचे हाड मोडल्याचे जाहीर झाले आणि त्याचा मोसम तेथेच संपला. नेतृत्व पुन्हा धोनीकडे गेले. परंतु 14 सामन्यांत अवघे चार विजय मिळवून चेन्नईचा संघ आपल्या इतिहासात प्रथमच तळाला राहिला. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेल्या या खेळाडूबद्दल पुणेकरांना हळहळ वाटली ती साहजिकच होती. ‘ऋतुराज असता तर’ हे वाक्य त्या उन्हाळ्यात कचेऱ्यांतून आणि शिक्षकांच्या खोल्यांतून पुष्कळदा ऐकू आले.

हे वाक्य कितपत खरे आहे? वस्तुस्थिती अशी की, गायकवाडच्या नेतृत्वाखाली झालेल्या पहिल्या पाच सामन्यांपैकी चार चेन्नईने गमावले होते. म्हणजे संघ आधीच आजारी होता. दुखापतीने त्याला अंथरुणावर टाकले एवढेच. खेळाडू जायबंदी झाला म्हणून संघ हरला, असे म्हणून मोकळे होणे सोपे असते, आणि संघाच्या धन्यांना ते सोयीचेही असते. या सबबीची परीक्षा घ्यायची तर त्यासाठी पुण्याइतके योग्य गाव दुसरे नाही. कारण पुण्याच्याच नावाने खेळलेल्या एका संघाने लागोपाठच्या दोन मोसमांत दुखापती सोसल्या, आणि दोन्ही वेळी निष्पत्ती अगदी भिन्न झाली.

चेन्नई व राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आल्यामुळे 2016 साली रायझिंग पुणे सुपरजायंट्स हा संघ उभा राहिला. धोनी कर्णधार, सोबत पीटरसन, ड्यु प्लेसी, स्टीव्ह स्मिथ, मिचेल मार्श अशी मातबर नावे. 22 एप्रिलला गहुंजेच्या मैदानावर पीटरसनची पोटरी दुखावली. त्यानंतर सुमारे दहा दिवसांत ड्यु प्लेसीचे बोट मोडले, मार्शची बरगडीखालची बाजू धरली आणि स्मिथच्या मनगटाने असहकार पुकारला. या स्पर्धेत एका संघाला एका वेळी चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात, हे लक्षात घेतले म्हणजे चौघे जाण्याचा अर्थ कळतो. बदली म्हणून ख्वाजा व बेली यांना परदेशातून बोलवावे लागले. भरीस भर म्हणून त्या वर्षीच्या दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे महिन्यातील बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर हलवले गेले आणि पुण्याच्या संघाचे ‘घर’ विशाखापट्टणमला गेले. (तो आदेश योग्यच होता, असे आमचे आजही मत आहे.) पाच विजय, नऊ पराभव, आठ संघांत सातवा क्रमांक, असा त्या मोसमाचा हिशेब आहे. विशाखापट्टणमला झाम्पाने हैदराबादचे सहा गडी अवघ्या 19 धावांत टिपले, तरीही फलंदाजी खिळखिळी झालेला संघ चार धावांनी हरला. मात्र येथेही एक गोष्ट विसरता कामा नये. पहिला सामना जिंकल्यावर पुणे लागोपाठ चार सामने हरले, आणि त्यांतील पहिले दोन पराभव या चौघांपैकी कोणालाही इजा होण्यापूर्वीचे आहेत.

2017 साली काय झाले? स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच अश्विन हर्नियाच्या दुखण्याने आणि मार्श खांद्याच्या दुखापतीने बाद झाले. मार्शच्या जागी लिलावात कोणीही न घेतलेला इम्रान ताहिर आला आणि त्याने 18 बळी घेतले. अश्विनच्या जागी 17 वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर आला. मुंबईविरुद्धच्या पहिल्या पात्रता सामन्यात 16 धावांत तीन बळी घेऊन त्याने संघाला अंतिम फेरीत नेले. साडेचौदा कोटींचा स्टोक्स इंग्लंडच्या कामासाठी अखेरच्या टप्प्यापूर्वी परतला, तरी संघ कोसळला नाही. कारण अवघ्या दहा लाखांत घेतलेला महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी 391 धावा करून गेला होता. अंतिम सामना पुण्याने गमावला तो एका धावेने.

दोन मोसमांतील हा फरक केवळ दैवाचा नाही. 2017च्या दुखापती आधी कळल्या होत्या. बदली माणूस शोधायला उसंत होती. 2016च्या दुखापती भर मोसमात आल्या, तेव्हा चांगले खेळाडू अन्यत्र गुंतलेले होते. पण त्याहून महत्त्वाचे हे की, 2016च्या संघाचा सारा भार चार खांबांवर होता, तर 2017 साली तो अधिक जणांत वाटलेला होता. हाच धडा चेन्नईने 2018 साली गिरवला. पुण्याच्या केदार जाधवला त्यांनी 7 कोटी 80 लाखांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात वानखेडेवर त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला, तो तंबूत गेला, शेवटी लंगडत परत आला, एक षटकार आणि एक चौकार मारून सामना जिंकून दिला, आणि त्या मोसमात पुन्हा खेळला नाही. विजेतेपद मात्र चेन्नईनेच पटकावले.

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा मोसम 162 सामन्यांचा आणि सुमारे सहा महिन्यांचा असतो. तेथे जायबंदी खेळाडूचे नाव दहा, पंधरा किंवा साठ दिवसांच्या यादीत घालतात, खालच्या दर्जाच्या संलग्न संघातून तरुणाला वर बोलावतात, आणि बरा झाल्यावर पहिला खेळाडू परत येतो. आपल्याकडे साखळीचे सामने 14 आणि मुदत जेमतेम दोन महिन्यांची. मोडलेले बोट जुळायला लागणाऱ्या काळात सारा खेळ आटोपतो. शिवाय बदली खेळाडू घेतला की मूळ खेळाडूला त्या मोसमात परतीची वाट उरत नाही. अशा रचनेत दुखापत लपवून आणखी एखादा सामना काढण्याचा मोह खेळाडूला व व्यवस्थापनाला दोघांनाही होणारच.

गायकवाडच्या जागी आलेल्या 17 वर्षांच्या आयुष म्हात्रेने बंगळूरविरुद्ध 48 चेंडूंत 94 धावा काढल्या. म्हणजे दुखापतग्रस्त संघांना तारणारी पोरे येतात ती मुंबईच्या, पुण्याच्या स्थानिक क्रिकेटमधून. आणि त्या क्रिकेटमध्ये दुखापतीचा हिशेब वेगळाच असतो. 2021 साली मंडळाने जाहीर केलेल्या दरांप्रमाणे रणजीपटूला सामन्याच्या दिवसाला 40 ते 60 हजार रुपये, अनुभवानुसार, मिळतात. रक्कम लहान नाही. पण ती दिवसाची आहे. कोटींचा करार झालेल्या खेळाडूच्या स्नायूची तपासणी यंत्रांवर होते, त्याच्यासाठी व्यायामतज्ज्ञ दौऱ्यावर असतो. राज्य संघाच्या उंबरठ्यावरचा वीस-बावीस वर्षांचा वेगवान गोलंदाज चार दिवस बाकावर बसला तर त्याची जागा दुसरा घेतो, आणि पुढच्या सामन्याच्या निवडीत ती परत मिळेलच असे नाही. सकाळी पाठीत कळ आली तरी तो गोळी घेतो आणि संघाच्या बसमध्ये जाऊन बसतो.