ही दवंडी कोणाच्या मालकीची?

उदगीरात डाळ, पापड वा शेवया विकणाऱ्या लहान उद्योजकास अलीकडे सर्रास उपदेश केला जातो : ट्विटरसारख्या माध्यमावर रोज दोन ओळी लिहा, गिऱ्हाईक घरबसल्या मिळेल. उपदेश अगदीच खोटा नाही. मोंढ्यातील अडत्याला टाळून थेट पुण्याच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचता आले, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ही दवंडी कोणाच्या मालकीची, हे कोणी विचारीत नाही. २०२० साली निघालेल्या ‘कू’वर मराठीत लिहिता येत होते, इंग्रजीची धास्ती नव्हती. जुलै २०२४ मध्ये तो बंद पडला आणि तेथे जमविलेला गोतावळा एका घोषणेसरशी विखुरला. ट्विटर तर २०२२ साली एका धनाढ्याने ४४ अब्ज डॉलरना विकत घेतले, पुढच्याच वर्षी नाव पुसून ‘एक्स’ केले. आता पैसे भरणाऱ्याचा आवाज तेथे वर चढतो. (आपल्या बाजार समितीत निदान निवडणूक तरी होते!) लहान उद्योजकाने तेथे जरूर लिहावे, मात्र गिऱ्हाइकांचे फोन-पत्ते स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावेत. बचत गटांनी तर गिऱ्हाइकांच्या संमतीने ही वही सामाईकच ठेवावी. एकटीदुकटीला न परवडणारा पार्सलचा खर्च त्यातूनच वाटून घेता येईल.