भंगार मशीन नाही, मधला डबा आहे!

मागच्या महिन्यात कित्येक वर्षांनी माझ्या शाळेत गेलो. लॅबच्या कोपऱ्यात भंगारवाल्यासाठी ढीग लावलेला, आणि ढिगावर सगळ्यात वर आमचा बीबीसी मायक्रो! तांबड्या फंक्शन कीज बघूनच ओळखला. 1984-85 साली सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत हे मशीन आलं, पुढे आणखी शाळांत. माझा पहिला प्रोग्रॅम त्याच्यावरचा.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, काय उपयोग? मॉनिटर कधीच गेला. टीव्हीला लावून बघितलं, तर नुसतं पुसट. अक्षर लागत नाही."

मी मोड 0 लावून बघितला. 80 कॉलमच्या जागी निव्वळ मुंग्या! आणि माझं डोकं फिरलं. मॅडमवर नाही हो, मधे लावलेल्या डब्यावर. पिवळी वायर इकडून घाला, एचडीएमआय तिकडून काढा, तो स्वस्तातला डबा.

आता हिशोब बघा. मोड 0 मध्ये हे मशीन सेकंदाला 1 कोटी 60 लाख पिक्सेल या वेगाने ओळ काढतं. असले डबे टीव्हीच्या मापाने, म्हणजे सेकंदाला 1 कोटी 35 लाख नमुने घेतात. शेराच्या मापात सव्वा शेर कसा मावणार? वर डब्याला वाटतं की हा टीव्हीचा कार्यक्रमच आहे, म्हणून दोन फ्रेम एकमेकींत मिसळून आणखी लगदा करतो. रंगाचं तर विचारूच नका. त्या सॉकेटमधून आतली एक जोडणी केल्याशिवाय रंग येतच नाही.

आणि खरी चीड पुढेच आहे. या मशीनच्या मागे 1981 पासून आरजीबीचं सहा पिनांचं सॉकेट आहे. लाल, हिरवा, निळा, प्रत्येक एकतर चालू नाहीतर बंद. आठ रंग. म्हणजे सिग्नल मुळातच डिजिटल! आपण तो सोडतो, कंपोझिट करून त्याचा चिखल करतो, चिखल पुन्हा डिजिटल करतो आणि म्हणतो मशीन म्हातारं झालं. वा रे न्याय!

उपाय आहे, तोही खुला. आरजीबीटूएचडीएमआय नावाचा प्रकल्प. एक रास्पबेरी पाय झिरो आणि वर छोटासा बोर्ड. तो पिक्सेलच्याच वेगाने, प्रत्येक पिक्सेलच्या मधोमध नमुना घेतो. अंदाजपंचे काही नाही.

"एवढी खटपट कशाला, एम्युलेटर वापर की" असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. एम्युलेटर मीही वापरतो. पण फोटो आहे म्हणून कोणी आजोबांना घराबाहेर काढत नाही :-)

असो. हेडसरांची परवानगी काढून मशीन घरी आणलं. आधी पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर बदलले (हे केल्याशिवाय प्लग लावू नका, धूर निघतो), मग बोर्ड जोडला. 80 कॉलम, अक्षर न अक्षर लागतंय. पुढच्या शनिवारी ते परत लॅबमध्ये जाईल.

तुमच्या शाळेतही असा ढीग असेल, तर 'चालत नाही' यावर विश्वास ठेवू नका. आधी विचारा, मधे काय लावलं होतं?