शेगडा मोडीत काढणारे हात

खिदिरपूरच्या गोदीमागील एका भंगाराच्या वखारीत गेल्या पावसाळ्यात आम्ही काही वेळ उभे होतो. साखळ्या, नळ व गंजलेले नटबोल्ट यांच्या ढिगात एक शेगडा पडला होता. कारखान्यांतून त्यास हल्ली व्हाइस म्हणतात. परंतु कानस चालविताना लोखंडाचा तुकडा ज्याच्या जबड्यात आवळून धरावयाचा, त्या अवजाराला शेगडा हा आपला जुना शब्द आहे. त्याच्या अंगावर कोणा सरकारी कचेरीचा क्रमांक पांढऱ्या रंगात अद्याप वाचता येत होता. वखारवाल्याने तो काट्यावर टाकून किलोचा भाव सांगितला. आम्ही दांडी फिरवून पाहिली. पहिले दोन वेढे कुरकुरले. तिसऱ्याला जबडा सरळ पुढे आला. अवजार धडधाकट होते आणि तरीही ते मोडीत निघाले होते.

या अवजारावर ‘निरुपयोगी’ हा शेरा कोणी मारला असेल? आपल्यासारख्याच एखाद्या सुशिक्षित गृहस्थाने. मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावर भांडाराच्या अशा याद्या येतात, म्हणून हे चार शब्द त्यांनाच उद्देशून आहेत.

‘जुने लोखंड ठेवून करावयाचे काय?’ असा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. प्रश्नकर्त्याने शेगडा कधी उघडून पाहिलेला नसतो. त्याच्या जबड्यावरील पोलादी पट्ट्या स्क्रूने बसविलेल्या असतात. त्या झिजल्या तर बदलता येतात. मळसूत्राचे आटे साफ करून त्यांस ग्रीस लावले की बहुधा ते पुन्हा चालू लागते. बिडाचे अंगच तडकले असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. बिडाची जोडणी अवघड असते आणि असा शेगडा भट्टीत गेला तर आम्ही शोक करणार नाही. परंतु तडा आहे की नुसता गंज, हे पाहण्याचे कष्टही न घेता सही होते, याचाच आम्हांस संताप येतो.

याच खिदिरपुरात किड यांच्या कारखान्यात १८१८ साली ‘हेस्टिंग्ज’ हे ७४ तोफांचे जहाज बांधले गेले. गोदी १८९२ साली सुरू झाली. जहाजांची नावे इतिहासात राहिली. ज्या अवजारांनी जहाजे दुरुस्त झाली, त्यांचीही नावे असतात, पण ती वाचतो कोण? अंगावर ‘पार्किन्सन’ असेल तर शेगडा यॉर्कशायरमधील शिप्लीचा; ‘रेकॉर्ड’ असेल तर शेफील्डचा, आणि त्यावरील ३ हा आकडा चार इंची जबड्याची खूण. जमिनीपर्यंत पाय पोहोचणारा घडीव लोखंडाचा शेगडा लोहाराचा. घणाचे घाव त्याने सोसावे, टेबलावरच्या बिडाच्या शेगड्याने नव्हे.

संग्रहाचे महत्त्व आपल्या समाजाला कळत नाही, असे कोणी म्हणू नये. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला आणि पुण्याच्या त्यांच्या संग्रहालयात आज दिवे व अडकित्ते लोक कौतुकाने पाहतात. सुपारी कातरणाऱ्या अडकित्त्याला मान आणि यंत्राचे भाग धरणाऱ्या शेगड्याला तराजू, असे का? अडकित्ता आपल्या माजघरातला आणि शेगडा काळ्या हातांचा, हेच त्याचे खरे उत्तर आहे. १९१० साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपण भाषणांत अभिमानाने घेतो. पण आपल्याच कचेरीतल्या कामगाराच्या अवजाराला हात लावताना आपली बोटे आखडतात.

दुसरा अपराध हौशी मंडळींचा. ही मंडळी शेगडा विकत घेतात, सहाणचक्राने घासून चकचकीत करतात, त्या भरात नावाची उठावाची अक्षरेही घासून टाकतात आणि वर झगझगीत रंग देऊन तो दिवाणखान्यात मांडतात. याला जीर्णोद्धार म्हणू नये. आधी नाव वाचावे, मग गंज काढावा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात सुटा भाग बुडवून त्यास बॅटरी चार्जरचे ऋण टोक आणि शेजारच्या साध्या लोखंडी पत्र्यास धन टोक जोडले की गंज सुटतो व धातू राहतो. स्टेनलेस पत्रा तेथे वापरू नये. विषारी द्रव्ये सुटतात. आणि अखेरची परीक्षा एकच, ती म्हणजे शेगड्याने पुन्हा तुकडा धरला पाहिजे.

आमची मागणी मोठी नाही. लिलावाचे नियम मोडा, असे आम्ही म्हणत नाही. ‘लोखंडी भंगार, इतके किलो’ असे लिहिण्याऐवजी यादीत प्रत्येक शेगड्याचे नाव, क्रमांक, जबड्याची रुंदी आणि तो चालतो की नाही, एवढे लिहावे. मग एखादी तंत्रशाळा किंवा एखादा गरीब फिटर त्यावर बोली लावू शकेल. आज त्यांना तो तेथे आहे हेच कळत नाही. यासाठी अधिकाऱ्याने खुर्चीवरून उठून भांडारात जावे लागेल, दांडी धरावी लागेल आणि हात काळे होतील. ते साबणाने धुता येतात. न पाहता केलेली सही मात्र धुतली जात नाही.