चार नॅनोमीटरांचा पडदा

पेशीभोवतीचा पडदा, म्हणजे मेदरेणूंच्या दोन थरांची अवघी चारेक नॅनोमीटर जाडीची ती सीमा, ही निश्चल भिंत नसून सदैव प्रवाही असते, हे सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 साली प्रतिपादन केले. परंतु त्यातील एकेका रेणूची हालचाल क्षणाक्षणाला टिपणे प्रयोगशाळेच्या आवाक्यात नसल्यामुळे तो तपशील अखेर संगणकाच्या हवाली करावा लागला, आणि प्रस्तुत अंकाचा विषय तोच आहे.

संगणकाची रीत मोठी चिकाटीची. प्रत्येक अणूवरील बल मोजावयाचे, न्यूटनच्या नियमांबरहुकूम त्याला किंचित सरकवावयाचे आणि दोन फेमटोसेकंदांनी तोच हिशेब पुन्हा मांडावयाचा. अशी 50 कोटी आवर्तने झाली म्हणजे एक मायक्रोसेकंद भरतो! डीपीपीसी नामक मेद 41 अंश सेल्सिअसला वितळतो तेव्हा शिस्तीत कललेल्या त्याच्या शेपट्या मुरडतात, पडदा पातळ होऊन आडवा फैलावतो. मात्र हे सामूहिक स्थित्यंतर अणुवार हिशेबाने गाठणे फार खर्चाचे.

म्हणून ग्रोनिंगेनच्या मारिंक यांनी, हायड्रोजन वगळता सुमारे चार अणूंचा एक मणी कल्पून, अचूकतेचा काही अंश गहाण टाकला व काळ विकत घेतला. या व्यवहाराची आम्हांस तक्रार नाही. मात्र 2005 साली त्यांच्याच प्रतिमानात हा मेद प्रत्यक्षाहून सुमारे 20 अंश खाली वितळला, ही नोंद रंगीत चित्रांच्या दिमाखात अनेकदा दडून राहते. सबब प्रतिमानातील तापमान प्रयोगातील तापमानाशेजारी छापण्याचा आग्रह आम्ही लेखकांकडे धरला आहे.