‘मित्र आहेत’ एवढ्यावर थांबू नका

मुलाला मित्र आहेत, आईवडील सोबत आले आहेत, म्हणून केस पेपरवर ‘सामाजिक आधार : चांगला’ असं लिहून आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. किशोरवयातल्या नैराश्यापुरता तरी हा हिशेब कच्चा आहे.

एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांचा किशोरवयीन मुलींवरचा २००४चा अभ्यास पाहा. आईवडिलांचा आधार कमी वाटणाऱ्या मुलींमध्ये पुढे नैराश्याची लक्षणं वाढली. मैत्रिणींच्या आधाराबाबत मात्र क्रम उलटा निघाला : आधी लक्षणं, मग आधारात घट. ‘मैत्रिणींनी टाकलं म्हणून ही अशी झाली’ असं पालक सांगतात, तेव्हा कशाच्या आधी काय घडलं हे तारखा विचारून तपासायला हवं. सतत चिडणारी, फोन न उचलणारी मैत्रीण बाकीच्या मुली किती दिवस सांभाळतील? त्याही त्याच वयाच्या असतात.

जिवलग मैत्रीण हा तर आपला आवडता दिलासा. पण तेच दुखणं दोघींनी पुन्हापुन्हा उगाळलं, तर मैत्री घट्ट होते आणि लक्षणंही वाढतात, असं अमांडा रोझ यांनी दाखवलं आहे. ३४१ अभ्यासांचा २०१६मधला एकत्रित आढावाही असंच सुचवतो : नैराश्याशी जवळचा संबंध आहे तो कुटुंबाच्या आणि एकूण सवंगड्यांच्या आधाराचा, जिवलग मित्राचा त्यामानाने कमी.

म्हणजे काम वर्गातही करायला हवं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेने ते करून पाहिलं. तक्रारपेटी, भित्तिपत्रक, परिपाठातले विषय, गरजेनुसार समुपदेशन. हे काम खास नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांनी केलं, तिथे शाळेचं वातावरण सुधारलं आणि नैराश्यही घटलं. तोच कार्यक्रम शिक्षकांवर सोपवला, तिथे फरक दिसला नाही (‘लॅन्सेट’, २०१८). दोष शिक्षकांचा नसावा. डोक्यावर पोर्शन आणि शंभर कामं. शिवाय मार्क देणाऱ्यापाशी मन मोकळं करायला मुलं बिचकतात, असं आम्हाला वाटतं. त्यामुळे शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशकाच्या पदाचा खर्च वाचवू पाहणाऱ्या संस्थाचालकांपुढे हा अभ्यास जरूर ठेवा.

आणि पहिल्या भेटीत ‘मित्र किती?’ याऐवजी विचारा : मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस? चार दिवस शाळेत गेला नाहीस, तर कोण विचारेल? मार्क कमी पडले, तर घरी आधी कोणाला सांगतोस? उत्तराआधी मूल आईकडे पाहत असेल, तर तेही पेपरवर लिहा.