घाव बाहेरच्या कड्यावरच पडायला हवा

कोलकात्यातल्या बालीगंजच्या रस्त्यांवर पिवळ्या अँबॅसेडर टॅक्स्या आता विरळ होत चालल्या आहेत. उत्तरपाड्याच्या कारखान्यात या गाडीचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं, आणि कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशाने महानगरात पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनांवर बंदी आली. अशा टॅक्सीचा गिअरबॉक्स बदलताना मालकाचं सगळं लक्ष त्या अवजड पेटीवर असतं. पण काम टिकणार की नाही, हे बरेचदा क्रँकशाफ्टच्या टोकाला घट्ट बसणाऱ्या एका लहानशा भागावर ठरतं. तो म्हणजे पायलट बुश किंवा बेअरिंग. गिअरबॉक्स खाली उतरवला की हा भाग नवा घालावा आणि तो नीट बसवावा. तसं झालं नसेल, तर काम अर्धवट राहिलं असं मी मानतो.

कारण सरळ आहे. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक याच भागात टेकलेलं असतं. बेअरिंगचं बाहेरचं कडं क्रँकच्या भोकापेक्षा किंचित, मिलिमीटरच्या शतांशांत मोजावं इतकं, मोठं ठेवलेलं असतं. ते त्या घट्टपणावरच धरून राहतं. म्हणून जोर बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकलं की प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेत बारीक खड्डे पडतात. मग क्लच दाबल्यावर घरघर ऐकू येते. पितळी बुश वेडावाकडा ठोकला तर त्याचं भोक आवळतं, शाफ्ट अडकतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात. दोष नव्या गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो, आणि तो पुन्हा उतरवावा लागतो.

यावर मेकॅनिक म्हणतील, बेअरिंग दाबून बसवायला गाडीखाली प्रेस यंत्र कुठून आणायचं? त्यांचं खरं आहे. क्रँक गाडीतच असताना प्रेस लावता येत नाही. पण त्याची गरजही नाही. बाहेरच्या कड्याच्या मापाची नळी पुरते, तिच्यावर हलके, सरळ घाव द्यायचे. बेअरिंग आधी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं तर ३५ मिलिमीटर व्यासाचं पोलाद सुमारे ०.०२ मिलिमीटर आकसतं, म्हणजे घट्टपणाचा बराचसा भाग तेवढ्यापुरता निघून जातो. बसवण्याआधी त्यावरचं दव पुसलं की झालं. दुसरा आक्षेप मालकांचा: गाडीची चार-दोन वर्षंच उरली, मग कशाला खर्च? पण टॅक्सी ज्या दिवशी गॅरेजात उभी राहते, त्या दिवशी चालकाची कमाई बुडते. या भागाची किंमत गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

हे फक्त अँबॅसेडरपुरतं नाही. पुण्या-नाशिकच्या गॅरेजांत उभ्या असलेल्या कितीतरी जीपगाड्यांना आणि टेम्पोंनाही ते लागू आहे. तेव्हा गिअरबॉक्सचं काम सांगताना मालकांनी दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात: पायलट बेअरिंग नवं पडणार का, आणि ते कशाने बसवणार. जुना भाग परत मागून घ्यावा आणि नव्याची नोंद बिलात करून घ्यावी.