खेळणे, विमान की वारसा?

बाल्सा लाकडाच्या बारीक काड्यांवर तलम कागद ताणून सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी केलेले एखादे मॉडेल विमान ब्रिटनमध्ये विकत घेऊन छत्रपती संभाजीनगरला आणायचे ठरवले, तर ते वाटेत तीनदा ओळख बदलते. सीमाशुल्काच्या दृष्टीने ते खेळणे असते. परकीय व्यापार धोरणाच्या दृष्टीने तो वापरलेला माल असतो. दुरुस्त करून मैदानावर नेले की ते मानवरहित विमान ठरते. त्याची खरी ओळख, म्हणजे हस्तकौशल्याचा आणि हवाई तंत्रज्ञानाचा वारसा, ही मात्र कोणत्याच कायद्याच्या रकान्यात बसत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या, तेव्हा देशभरातील हौशी विमानकर्त्यांमध्ये जी अस्वस्थता पसरली तिच्या मुळाशी हाच गोंधळ आहे.

हा छंद मूठभरांचा असला तरी त्याला शिस्त आहे आणि इतिहासही आहे. ब्रिटनमधील जुन्या मॉडेल विमानांच्या चाहत्यांनी १९५० पर्यंतचे आराखडे 'विंटेज' मानण्याची प्रथा पाडली. १९४० च्या सुमारास अमेरिकेत जिम वॉकर यांनी दोन तारांच्या साहाय्याने विमान गोलाकार फिरवण्याची पद्धत लोकप्रिय केली. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये 'मिल्स' हे छोटे डिझेल इंजिन आले आणि १९५३ मध्ये 'एअरफिक्स'ने स्पिटफायर विमानाचा प्लास्टिकचा संच बाजारात आणला. आपल्याकडे कोलकाता हे या छंदाचे माहेरघर. तेथील 'इंडियाज हॉबी सेंटर'चे संच आणि तेथेच बनलेली 'अरोरा' इंजिने यांवर भारतातील एक पिढी वाढली. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग हा आजही प्रशिक्षणाचा विषय आहे. मात्र राज्यातील हवाई पथके मुंबई, पुणे आणि नागपूर येथे असल्याने मराठवाड्यातील विद्यार्थ्याला ही वाट कधीच जवळची नव्हती. येथे हा छंद जोपासला गेला तो प्रामुख्याने वैयक्तिक हौसेवर.

जुने मॉडेल विकत घेणे हे या छंदातील निम्मेच काम आहे. उरलेले निम्मे म्हणजे त्याचा जीर्णोद्धार, आणि तेथे घाई चालत नाही. डिझेल इंजिनाच्या इंधनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल ही तीन द्रव्ये असतात. इंजिन वर्षानुवर्षे पडून राहिले की एरंडेल डिंकासारखे घट्ट होते आणि दट्ट्या जागीच अडकतो. अशा वेळी पकडीने जोर लावणाऱ्याने इंजिन गमावलेच म्हणून समजावे. हलक्या उष्णतेने एरंडेल सैल करून ते मोकळे करणे हाच योग्य मार्ग. पंखांवरचा कागद ठिसूळ झालेला असेल तर तो उतरवून नवा चिकटवावा लागतो. त्यावर पाण्याचा फवारा मारला की तो वाळताना ताणला जातो आणि मग त्यावर 'डोप' नावाचे रोगण चढवतात. मराठवाड्याच्या हवेत या कामाचे स्वतःचे वेळापत्रक आहे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कागद इतका आवळतो की नाजूक पंख मुरडतो, तर पावसाळ्याच्या दमट हवेत रोगण पांढुरके पडते. म्हणून हे काम हिवाळ्यातच करावे. शिवाय हे रोगण अत्यंत ज्वालाग्राही असल्याने घरात दिवा, शेगडी यांपासून ते दूर ठेवणे अपरिहार्य आहे. मूळ कर्त्याच्या हातचे जितके राखता येईल तितके राखावे आणि नवे भाग नोंदवून ठेवावेत, हा या क्षेत्रातील अलिखित दंडक आहे. वस्तुसंग्रहालयातील जतनाचे तत्त्वही याहून वेगळे नाही.

या शहराकडे अशा कामासाठी लागणारे सामर्थ्य भरपूर आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे उभे राहिले. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूममध्ये तरुणांना साचे आणि हत्यारे घडवण्याचे सूक्ष्म काम शिकवले जाते. करंगळीएवढ्या दट्ट्याला मायक्रॉनच्या मापाने सिलिंडरमध्ये बसवणे हे लंडनमध्ये दुर्मीळ होत चाललेले कसब येथे रोजच्या व्यवहारातले आहे. जुन्या इंजिनांच्या दुरुस्तीतून एखादा छोटा व्यवसायही येथे उभा राहू शकतो. अडचण कसबाची नाही. दुरुस्तीसाठी वस्तूच हाती येत नाही ही आहे.

आयातीचे चित्र पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. मोजमापाने लहान केलेल्या प्रतिकृती शुल्कसूचीच्या त्याच शीर्षकाखाली येतात. वैयक्तिक वापरासाठी टपालाने आलेल्या वस्तूंचा दर वेगळा असला, तरी संच आणून विकू पाहणाऱ्या दुकानदाराला खेळण्याचाच दर लागतो. निकृष्ट परदेशी खेळण्यांपासून देशी उद्योगाला संरक्षण देणे हा या वाढीमागील हेतू रास्त आहे, यात शंका नाही. परंतु १९५० सालचे लाकडी विमान कोणत्याही देशी कारखानदाराशी स्पर्धा करीत नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. गंमत अशी, की खेळण्यांच्या सुरक्षिततेचे जे मानक त्यासाठी आधारभूत आहे, तेच ज्वलन इंजिनावर चालणारी मॉडेल विमाने खेळण्यांच्या व्याख्येतून वगळते. एका खात्याचे खेळणे दुसऱ्या खात्याच्या लेखी खेळणे नाही!

त्यापुढे आणखी दोन अडसर आहेत. भांडवली यंत्रसामग्री वगळता अन्य वापरलेला माल परकीय व्यापार धोरणात 'निर्बंधित' वर्गात मोडतो, म्हणजे त्याला परवाना लागतो. दोन-चार हजार रुपयांच्या मोडक्या विमानासाठी दिल्लीकडे परवाना मागण्याच्या फंदात कोण पडणार? दुसरे म्हणजे, परदेशी स्थायिक झालेल्या मराठी नातेवाइकांनी भेट म्हणून काही पाठवावे, तर डिसेंबर २०१९ पासून टपाल वा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधे यांपुरतीच उरली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. रेडिओवर चालणारे जुने मॉडेल या बंदीत अडकते की नाही, हे बऱ्याचदा तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहते.

विमान आले, दुरुस्तही झाले. पण ते उडवायचे कोठे? ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी या छंदाला बराच दिलासा दिला होता, हे मान्य करावयास हवे. शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी दृष्टीच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची स्वतंत्र व्याख्या त्यांत झाली आणि त्याला प्रकार प्रमाणपत्रातून सूट मिळाली. दोन किलोपर्यंतच्या बिगरव्यावसायिक वापराला वैमानिक परवानाही लागत नाही. प्रतिबंधित क्षेत्रे सोडता, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उड्डाण करता येते. संभाजीनगरची अडचण भूगोलाची आहे. चिकलठाणा विमानतळ शहराला लागूनच असल्याने सिडको, गारखेड्यापासून क्रांती चौकापर्यंतचा सारा परिसर या १२ किलोमीटरच्या आत येतो. मोकळेपणाने उडवायचे तर वाळूजच्या पलीकडचे मैदान गाठावे लागते.

२०२५ च्या मसुद्यात ओळख क्रमांक आणि प्रकार प्रमाणपत्राची सक्ती असून उल्लंघनासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. सुरक्षा यंत्रणांची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. सीमेवर ड्रोनमधून शस्त्रे आणि अमली पदार्थ येतात, हे वास्तव आहे. मात्र ज्याला कॅमेरा नाही, उपग्रहाचे मार्गदर्शन नाही, जे पंधरा-वीस मीटरच्या तारेला बांधलेले आहे किंवा चिमूटभर इंधन संपताच आपोआप खाली उतरते, अशा विमानाला त्याच तराजूत तोलणे हे सुरक्षेच्याही हिताचे नाही. निरुपद्रवी वस्तूंची नोंद ठेवण्यात यंत्रणेची शक्ती खर्च झाली, तर धोकादायक वस्तूकडे दुर्लक्ष होते. शिवाय १९४८ च्या आराखड्यावरून हाताने केलेल्या एकमेव विमानाला प्रकार प्रमाणपत्र मिळवून देणारा निर्माता आणायचा कोठून?

उपाय अवघड नाहीत. २०२१ च्या नियमांतील मॉडेलची व्याख्या आणि सूट नव्या कायद्याच्या मूळ मजकुरातच यावी. ती पुढील नियमांवर सोडू नये. तारेवरची आणि मुक्त उड्डाणाची विमाने स्पष्ट शब्दांत वगळावीत. तीस वर्षांहून जुन्या मॉडेलच्या वैयक्तिक आयातीला घोषणापत्रावर मुभा द्यावी. जिल्हा प्रशासनाने विमानतळापासून १२ किलोमीटरपलीकडे एक मैदान ठरावीक दिवसांसाठी नेमून द्यावे.

राहता राहिला प्रश्न आधीच येथे असलेल्या वस्तूंचा. पुण्यात एका कुटुंबाच्या छंदातून १९९८ मध्ये जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले आणि खेळातली रेल्वे ही पाहण्या-शिकण्याची गोष्ट ठरली. संभाजीनगरात एमजीएम परिसरातील अब्दुल कलाम खगोल-अंतराळ विज्ञान केंद्रासारख्या संस्थेला मॉडेल विमानांसाठी एक दालन देणे जड नाही. साठ-सत्तरच्या दशकांत हा छंद जोपासणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्या माळ्यावरची खोकी घरच्यांना अडगळ वाटतात, आणि अडगळीची वाट बहुधा जाफर गेटच्या रविवारच्या बाजाराकडे जाते. तेथे इंजिनाची किंमत ॲल्युमिनियमच्या वजनावर ठरते. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. ही खोकी उघडून त्यांतील वस्तूंची यादी करण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही.